प्रेम, संमती आणि बळजोरी : मलय लोकप्रिय कथांचा एक अभ्यास

मलय भाषेत प्रेमाला ‘चिंता’ म्हणतात. शब्द संस्कृतातलाच, व्यापारी आणि पंडितांच्या संगतीने तो समुद्रापार गेला आणि तेथे काळजीचा अर्थ टाकून अनुरागाचा अर्थ घेऊन बसला. त्याच वाटेने गेलेल्या ‘स्वामी’चा तेथे ‘सुआमी’ झाला, म्हणजे पती. ‘स्त्री’ची ‘इस्तेरी’ झाली, म्हणजे पत्नी. ‘सत्य’ ‘सेतिया’ झाले, म्हणजे एकनिष्ठ. आणि ‘दोष’ ‘दोसा’ झाला, म्हणजे पाप. मलय प्रेमकथांचा सारा संसार या पाच शब्दांत मावतो. बडोद्यातील मराठी वाचकाला हे शब्द परके वाटू नयेत, आणि त्यांच्याभोवती रचलेल्या कथाही तितक्या परक्या वाटणार नाहीत.

तरीही वैद्यकांच्या स्मरणिकेत मलेशियातील कादंबऱ्या, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांचा विचार कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, दवाखान्यात येणारी स्त्री आपल्यावर काय गुदरले हे ज्या शब्दांत सांगते, ते शब्द तिने कोठून तरी घेतलेले असतात. आई, शेजारीण, कीर्तन, चित्रपट, मालिका ही त्या शब्दांची उगमस्थाने होत. ज्या अनुभवाला कथेत नाव नसते, त्याला रुग्णेच्या तोंडीही नाव नसते. मलय लोकप्रिय कथा हा या नियमाचा फार स्पष्ट नमुना आहे. आणि आपल्या घरच्या कथांपेक्षा शेजारच्या घरातील कथा अधिक निरपेक्षपणे वाचता येते, हाही एक लाभ आहे.

एका कथेचा साचा

फौझिया अशारी यांची ‘ओम्बाक रिंदू’ ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘ओम्बाक’ म्हणजे लाट आणि ‘रिंदू’ म्हणजे विरहातील ओढ. उस्मान अली यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट डिसेंबर २०११ मध्ये प्रदर्शित झाला. माया करीन आणि आरोन अझीझ यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाने एक कोटी रिंगिटहून अधिक उत्पन्न मिळवले. त्या काळापर्यंतच्या मलय चित्रपटांत हे फार मोठे यश होते.

कथानक थोडक्यात असे. इझ्झा ही खेड्यातील पोरकी, धर्मपरायण तरुणी मुलांना कुराण शिकवते. तिचा काका पैशासाठी तिला शहरातील वेश्याव्यवसायात विकतो. तेथे हरीझ नावाचा श्रीमंत घराण्यातील तरुण तिच्यावर बलात्कार करतो आणि पुढे तिला स्वतःपाशी ठेवून घेतो. हे जिणे पापाचे आहे या जाणिवेने इझ्झा त्यालाच विनवते की, माझ्याशी निकाह कर. पत्नीचे कोणतेही हक्क न मागण्याच्या अटीवर तो गुप्तपणे विवाह करतो. आरंभी तो कठोर असतो. तिच्या सहनशीलतेने हळूहळू पाझरतो आणि अखेर तिच्यावर प्रेम करू लागतो. पुढे त्याची आई त्याला स्वतःच्या पसंतीची दुसरी वधू पाहते आणि कथा सवतीच्या दुःखाकडे वळते. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात ते या वळणावर. पहिल्या रात्रीचा अपराध तोवर कथेच्या तळाशी गेलेला असतो. त्याचा निवाडा कोणी करत नाही, कारण विवाहाने तो झाकला गेला आहे.

हा साचा एकट्या ‘ओम्बाक रिंदू’चा नाही. ऐशा सोफिया यांच्या कादंबरीवर आधारलेली ‘आदम आणि हव्वा’ ही मालिका २०१२ मध्ये उपग्रह वाहिनीवर अतिशय गाजली. तिचा नायकही आरोन अझीझच होता. तेथे नायक-नायिका ‘खल्वात’च्या आरोपात सापडतात. परस्परांशी विवाहसंबंध नसलेल्या स्त्री-पुरुषांनी एकांतात असणे हा मलेशियातील राज्यांच्या शरियत कायद्यानुसार मुसलमानांसाठी गुन्हा आहे. त्यालाच बोलीभाषेत ‘तांगकाप बासाह’ म्हणतात. अब्रू राखण्यासाठी दोघांचे लग्न लावले जाते. नायिकेला तो पुरुष नको असतो. तरी कित्येक भागांच्या रुसव्याफुगव्यानंतर प्रेम उमलते. पुढे टीव्ही थ्री वाहिनीच्या सायंकाळच्या ‘अकासिया’ या मालिकासत्रात कादंबऱ्यांवरून घेतलेल्या अशा मालिकांची रीघच लागली. करारापुरते लग्न, बळेच लावलेले लग्न, उर्मट श्रीमंत पती आणि सोशिक पत्नी हे त्यांचे ठरलेले साहित्य.

विवाह आधी का येतो?

या साच्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. मलेशियात चित्रपट परिनिरीक्षण मंडळाची आणि त्याहूनही समाजमताची मर्यादा कडक आहे. अविवाहित मुसलमान नायक-नायिकांनी एकमेकांना स्पर्श करणे कथेच्या दृष्टीनेही अवघड. पण प्रेमकथेला जवळीक तर हवी. मग लेखक लग्न आधी लावून टाकतो. आता एक घर, एक शयनगृह, रुसणे, हात धरणे, सारे धर्मसंमत झाले. आणि प्रेमकथा, जी अन्यत्र लग्नापाशी संपते, ती येथे लग्नापासून सुरू होते.

या युक्तीतून एक अनपेक्षित परिणाम घडतो. संमतीचा प्रश्न कथेतून बाहेर ढकलला जातो. लग्नापूर्वीच्या प्रणयात नायकाला निदान विचारावे लागते, वाट पाहावी लागते, नकार ऐकावा लागतो. लग्न आधीच झाले असेल तर नकाराला रुसव्याचे रूप येते. रुसवा काढायचा असतो. नकार मानायचा असतो. या दोन गोष्टींतील भेद पुसला जाणे, हा या कथांचा खरा दोष आहे.

याला साथ देणारे दोन शब्द या कथांत पुन्हा पुन्हा येतात : ‘सबार’ आणि ‘रेदा’. पहिला म्हणजे आपली सबुरी. दोन्हींचे मूळ अरबी. दुसरा म्हणजे जे वाट्याला आले त्याचा समाधानाने स्वीकार. हे दोन्ही सद्गुणच आहेत आणि रोगाशी, मृत्यूशी, दारिद्र्याशी झुंजणाऱ्या माणसाला त्यांचा आधार असतो. परंतु कथेत ते बहुधा नायिकेच्याच वाट्याला येतात आणि तिला इजा करणाऱ्या माणसापुढेच खर्ची पडतात. दुखणे सोसणे आणि दुखवणाऱ्याला सोसणे यांत जो फरक आहे, तो कथा करत नाही.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. मलेशियाच्या संघराज्य प्रदेशांसाठी १९८४ मध्ये झालेल्या इस्लामी कुटुंब कायद्यानुसार विवाहास वधू आणि वर दोघांचीही संमती आवश्यक आहे. म्हणजे बळेच लावलेल्या लग्नाची कथा धर्माच्या नावावर खपवता येत नाही. ‘सिस्टर्स इन इस्लाम’ या १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या संस्थेने नेमका हाच युक्तिवाद वर्षानुवर्षे मांडला आहे.

राक्षस आणि राजबिंडा

मलय चित्रपटांत बलात्कारी दिसतच नाही, असे मात्र नाही. तो दिसतो आणि ओळखूही येतो. पण वेगळ्या प्रकारच्या कथेत. मलय लोकसमजुतीत ‘ओरांग मिन्याक’ नावाचा एक प्राणी आहे. ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘मिन्याक’ म्हणजे तेल. अंगभर काळे तेल माखलेला, हाती न लागणारा हा पुरुष रात्री घरात शिरून स्त्रियांवर अत्याचार करतो. पी. रामली या थोर मलय कलावंताने १९५८ मध्ये ‘सुम्पाह ओरांग मिन्याक’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. गावाने हिणवलेला एक कुबडा कलावंत अलौकिक शक्तीशी करार करतो, रूपवान होतो आणि वचनभंगामुळे अखेर तैलमानव बनतो, अशी ती कथा.

आता हा तैलमानव आणि ‘ओम्बाक रिंदू’चा हरीझ यांना शेजारी उभे करून पाहावे. दोघांचे कृत्य एकच. एक काळा, निसरडा, अनोळखी, रात्री खिडकीतून येणारा. दुसरा देखणा, गाडीतून येणारा, घराण्याचे नाव असलेला. पहिल्याला पाहून गाव मशाली घेऊन धावते. दुसऱ्याला पाहून प्रेक्षक त्याच्या सुधारण्याची वाट पाहतो. बलात्कार म्हणजे राक्षसाचे काम, आणि जो राक्षस दिसत नाही त्याचे काम दुसरे काहीतरी असले पाहिजे, ही शिकवण दोन्ही कथांच्या मधल्या जागेतून नकळत दिली जाते.

सूडाचा अधिकारही स्त्रीला भयकथेतच मिळतो, तोही मेल्यावर. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भूत, म्हणजे ‘पॉन्तियानाक’, हे मलय चित्रपटांचे जुने पात्र. शुहैमी बाबा यांच्या २००४ मधील ‘पॉन्तियानाक हारुम सुंदाल मालाम’ या चित्रपटात गर्भारपणी मारली गेलेली नर्तकी भूत होऊन परतते. ती भूमिका माया करीन हिनेच केली होती. सात वर्षांनी तीच अभिनेत्री इझ्झा झाली. म्हणजे एकाच चेहऱ्याने पडद्यावर जिवंतपणी सबुरी केली आणि मरणोत्तर सूड घेतला. जिवंत स्त्रीने शांतपणे ‘नाही’ म्हणावे आणि ते मानले जावे, हा तिसरा पर्याय दोन्ही कथांत नव्हता.

साचा किती जुना?

हा दोष आजच्या दूरचित्रवाणीने आणला असे म्हणणे सोपे, पण खरे नव्हे. ‘हिकायत हांग तुआ’ या मलय वीरकथेत हांग तुआ हा मलाक्काच्या सुलतानाचा एकनिष्ठ सेवक पाहांगच्या राजधानीत जातो, तुन तेजा या दुसऱ्याशी वाङ्निश्चय झालेल्या सुंदरीला वशीकरणाने आपल्या प्रेमात पाडतो आणि जहाजातून आणून सुलतानाच्या हवाली करतो. कथेत याचे कौतुक आहे ते स्वामिनिष्ठा म्हणून. तुन तेजाने ज्याला होकार दिला तो एक, आणि जिच्या नशिबी जो आला तो दुसरा. फसवून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, हा विचार तेथे उमटत नाही. या कथेवर १९५६ मध्ये निघालेल्या ‘हांग तुआ’ या रंगीत चित्रपटाचे दिग्दर्शक फणी मजुमदार होते, हे आपल्या वाचकांना कुतूहलाचे वाटेल. सिंगापूरच्या चित्रपटगृहांतून वाढलेल्या आरंभीच्या मलय चित्रपटसृष्टीत बी. एस. राजहंस, एल. कृष्णन, बी. एन. राव असे अनेक भारतीय दिग्दर्शक काम करत होते. तेव्हा या साच्याच्या घडणीत आपला हात मुळीच नव्हता, असे म्हणता येणार नाही.

हाच साचा उलटा करून दाखवणारे कलावंतही मलेशियातच झाले. उ-वेई हाजी सारी यांच्या १९९३ मधील चित्रपटाचे मूळ नाव स्त्री, पत्नी आणि वेश्या असे तीन शब्दांचे होते. परिनिरीक्षणात तिसरा शब्द गेला आणि ‘परम्पुआन, इस्तेरी दान...’ असे नाव तीन टिंबांसह पडद्यावर आले. दुसऱ्या पुरुषाबरोबर पळून गेलेल्या वाग्दत्त वधूचा पाठलाग करून नायक तिच्या प्रियकराला ठार मारतो, शिक्षा म्हणून तिला वेश्यागृहात विकतो, नंतर परत आणून तिच्याशी लग्न करतो आणि खेड्यात संसार मांडतो. येथे प्रेम उमलत नाही. बळजोरीच्या पायावर उभा केलेला संसार शेवटी रक्तातच संपतो. ‘ओम्बाक रिंदू’च्या अठरा वर्षे आधी दिलेले हे उत्तर होते, पण लोकांनी डोक्यावर घेतले ते दुसऱ्या कथेला.

यास्मिन अहमद यांचा ‘सेपेट’ (२००५) हा याहून सौम्य पर्याय. मलय मुलगी आणि चिनी मुलगा यांच्या या प्रेमकथेत दोघे एकमेकांशी बोलतात, चेष्टा करतात, विचारतात. टोकियो येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २००५ मध्ये त्याला उत्कृष्ट आशियाई चित्रपटाचा मान मिळाला. परस्परसंमतीने घडणारे प्रेम कंटाळवाणे असते, त्यात नाट्य नसते, हा आक्षेप या एका चित्रपटाने खोटा ठरवला आहे.

वाचक भोळा नसतो

अशा कथा आवडीने वाचणाऱ्या स्त्रियांना दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथात प्रेमकादंबऱ्यांच्या नियमित वाचक स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्या वाचकांना क्रूर नायक आवडत नव्हता. जो कठोर वाटला तो आतून प्रेमळच होता, केवळ गैरसमजाने तसा वागला, असा उलगडा त्यांना हवा होता. म्हणजे ज्या पुरुषाची भीती वाटते, त्याला निदान कल्पनेत तरी माणसाळवून घेण्याचा तो प्रयत्न असतो. पुस्तक मिटण्याचा अधिकार वाचकाच्या हाती असतो आणि शेवट गोड होणार हे तिला ठाऊक असते.

अडचण येते ती पुस्तकाबाहेर. तेथे शेवट कोणी लिहून ठेवलेला नसतो. ‘सोसत राहा, तो बदलेल’ हा कादंबरीत खरा ठरणारा सल्ला संसारात कित्येकदा वर्षे खाऊन टाकतो आणि कधी कधी जीवही.

एकच कलम, तीन देश

कथा आणि कायदा यांचा संबंध पाहताना मलेशिया आणि भारत एकाच घरातील निघतात. १८६० ची भारतीय दंडसंहिता सामुद्रधुनी वसाहतींनी १८७१ मध्ये जवळपास जशीच्या तशी उचलली. म्हणून मलेशियाच्या दंडसंहितेत आजही बलात्काराचे कलम ३७५ च आहे, भीतीने वा गैरसमजाने दिलेली संमती ही संमती नव्हे असे सांगणारे कलम ९० च आहे, आणि पतीने पत्नीशी केलेला संभोग बलात्कार नव्हे हा अपवादही तोच आहे. २००७ पासून तेथे कलम ३७५ अ लागू झाले. संभोगासाठी पतीने पत्नीला इजा केली किंवा इजेची भीती घातली, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने इजेला हात घातला; बळजोरीच्या संभोगाला मात्र नाव दिले नाही. त्याच मुळातून निघालेल्या सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून पतीला असलेले हे संरक्षण काढून टाकले. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये पत्नी अठरा वर्षांहून लहान नसल्यास हा अपवाद कायम आहे.

लग्नाने अपराध धुतला जातो ही समजूत केवळ पडद्यावर राहिली असती, तर या लेखाचे प्रयोजन नव्हते. २०१६ मध्ये सारावाक राज्यात चौदा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराचा आरोप असलेल्या तरुणाने तिच्याशी विवाह झाल्याचे दाखवले आणि त्याच्यावरील खटला थांबला. त्यावरून देशभर संताप उसळला. एप्रिल २०१७ मध्ये बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या विधेयकावर संसदेत चर्चा चालू असताना शाबुद्दीन याह्या या खासदाराने, पीडितेचा बलात्कार करणाऱ्याशी विवाह होण्यात गैर नाही, अशा आशयाचे विधान केले. तेही स्वतः पूर्वी शरियत न्यायाधीश होते. त्यांच्यावर टीका झाली आणि ते विधेयक संमतही झाले. पण ‘ओम्बाक रिंदू’चा शेवट संसदेत तोडगा म्हणून ऐकू यावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपण बोट दाखवण्यापूर्वी ‘राजा की आयेगी बारात’ हा हिंदी चित्रपट आठवावा. त्यात न्यायालयच बलात्काऱ्याला पीडितेशी लग्न करण्याचा हुकूम देते आणि पुढे पतीचे मनपरिवर्तन होते.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

या कथांतील तीन गृहीतके वैद्यकीय ज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

पहिले गृहीतक : अत्याचारी अनोळखी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील, कधीतरी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवली आहे; जोडीदाराव्यतिरिक्त अन्य पुरुषाकडून लैंगिक हिंसा अनुभवलेल्यांचे प्रमाण ६ टक्के आहे. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे दिसते. तैलमानव विरळा, हरीझ नित्याचा.

दुसरे गृहीतक : जिला नको होते, ती झुंजली असती. तीव्र भीतीत शरीर लढते किंवा पळते, हे आपण विद्यार्थीदशेत शिकतो. पण तिसरी प्रतिक्रिया, शरीर जागच्या जागी थिजून जाणे, तितकीच खरी आहे. स्टॉकहोममधील तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के स्त्रियांनी असे लक्षणीय थिजणे अनुभवल्याचे सांगितले. या स्त्रियांत पुढे आघातोत्तर ताणविकार आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. म्हणून गप्प राहणे हा होकार नव्हे, आणि जखम नसणे हाही होकार नव्हे.

तिसरे गृहीतक : नंतर प्रेम वाटले, तर आधीचा अपराध उरत नाही. अत्याचार करणाऱ्यावरच अन्न, निवारा आणि अब्रू अवलंबून असेल, तर त्याच्या लहानशा दयेनेही मन त्याच्याकडे ओढले जाते. ती ओढ जगण्याची धडपड असते. तिला पूर्वीच्या घटनेची मागाहून दिलेली संमती समजणे शास्त्राला धरून नाही.

या दुसऱ्या गृहीतकाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी तरुणीवर झालेल्या अत्याचाराच्या, ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, शरीरावर जखमा नाहीत यावरून सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा निष्कर्ष काढला आणि आरोपी सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे वाक्य २०१३ पासून कायद्यातच आहे. त्या खटल्यात निर्णायक ठरला होता तो वैद्यकीय अहवाल. आपण लिहिलेली एक ओळ कोठवर जाते, हे यावरून कळावे.

मलेशियाकडून घेण्याजोगे

ज्या देशातील कथांची ही चिकित्सा केली, त्याच देशाने वैद्यकीय व्यवस्थेत एक मोलाचा पायंडा पाडला आहे. स्त्रीसंस्थांच्या आग्रहाने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात क्वालालंपूरच्या शासकीय रुग्णालयात अत्याचारग्रस्तांसाठी एकछत्री केंद्र सुरू झाले. तातडीच्या विभागातच स्वतंत्र खोली, तेथेच डॉक्टर, तेथेच समुपदेशन, पोलीस आणि कायदेशीर मदत, अशी ती रचना. १९९६ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने ती सर्व शासकीय रुग्णालयांसाठी लागू केली. मुंबईत २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महानगरपालिका यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. केंद्र सरकारची ‘सखी’ ही एकछत्री केंद्रांची योजना २०१५ मध्ये आली.

आपल्या दवाखान्यात येणाऱ्या स्त्रीबाबत पुढील गोष्टी ध्यानी असाव्यात.

१) सोबत आलेल्या नातेवाइकाला, मग तो पती असो वा सासू, बाहेर बसवून तिच्याशी एकांतात बोलावे. ‘तुमच्यावर बलात्कार झाला का?’ या प्रश्नाला अनेकदा ‘नाही’ असे उत्तर येते, कारण तो शब्द तिच्या मनात राक्षसासाठी राखून ठेवलेला असतो. ‘तुमच्या मनाविरुद्ध काही घडते का? नको म्हटल्यावर ऐकले जाते का? घरी जायला भीती वाटते का?’ असे साधे विचारावे.

२) उपचार तत्काळ आणि विनामूल्य देणे हे शासकीय आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांचे कायदेशीर कर्तव्य आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये पोलिसांना कळवण्याचेही बंधन आहे. तक्रार पुढे न्यायची नसेल तर तिचा समजून दिलेला नकार लेखी नोंदवावा. उपचार मात्र अडवू नयेत. रुग्ण अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना माहिती देणे अनिवार्य आहे.

३) एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस द्यावीत. तातडीचे गर्भनिरोधक जितके लवकर तितके परिणामकारक. ७२ तासांनंतरही, १२० तासांपर्यंत त्याचा विचार करावा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात.

४) दोन बोटांची तपासणी करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती अयोग्य ठरवली आणि २०२२ मध्ये अशी तपासणी करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरण्याचे बजावले. ‘जखमा नाहीत, म्हणून अत्याचाराचा पुरावा नाही’ असे वाक्य अहवालात लिहू नये. जखमांचा अभाव अत्याचार नाकारत नाही, असे लिहावे.

५) अत्याचार पतीकडून झाला असेल तरी वैद्यकीय काळजीत काडीमात्र फरक नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे, हे तिला सांगावे.

रखमाबाईंचा वारसा

संमतीचा विचार पाश्चात्त्यांकडून नुकताच आला, असा समज अधूनमधून ऐकू येतो. ज्या लग्नाला आपण जाणत्या वयात होकार दिला नाही, त्या पतीकडे नांदायला जाणार नाही, असे १८८४ ते १८८८ या काळात मुंबईच्या न्यायालयात ठामपणे सांगणारी स्त्री मराठी होती. प्रसंगी तुरुंगात जाण्याची तयारी तिने दाखवली. पुढे लंडनला वैद्यकशास्त्र शिकून ती परतली आणि आपल्या गुजरातेतच सुरत आणि राजकोट येथे अनेक वर्षे स्त्रियांची सेवा करती झाली. त्या डॉ. रखमाबाई. त्या खटल्याने पेटलेल्या वादातून आणि १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी या बालवधूच्या झालेल्या मृत्यूतून १८९१ चा संमतिवयाचा कायदा निघाला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला, तोही याच परंपरेतला. संमतीच्या प्रश्नावर बोलणारा वैद्यक ही मराठी परंपराच आहे. आपण ती पुढे चालवायची आहे.

मलय भाषेत संमतीला ‘पर्सेतुजुआन’ म्हणतात. त्यातील ‘सेतुजु’ या शब्दाची फोड ‘एक’ आणि ‘दिशा’ अशी होते. दोघांनी एकाच दिशेने चालणे, असा तिचा अर्थ. एकाने ओढणे आणि दुसऱ्याने फरफटत जाणे असा नव्हे. ‘चिंता’ आणि ‘सुआमी’ हे शब्द आपण मलय भाषेला दिले. त्या बदल्यात हा अर्थ आपण घ्यावा, आणि आपल्या घरांतल्या मुलामुलींना, दवाखान्यातील रुग्णांना आणि रात्री मालिका पाहताना स्वतःलाही तो सांगावा.